तळाची ओळ

छापील कागद हातात आला की लोक आधी मथळा वाचतात. आमच्या घरात तो तळापासून वाचतात. तळाशी, बहुधा सगळ्यात बारीक टायपात, मुद्रकाचं नाव आणि गाव असतं. १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अॅक्टनं या देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर ही ओळ सक्तीची केली. सत्तावनच्या उठावाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. कुठलं पत्रक कुठल्या छापखान्यातून बाहेर पडलं, हे इंग्रज सरकारला कळायला हवं होतं. म्हणजे ही ओळ जन्मली ती पाळत ठेवण्यासाठी. माझ्या बाबांनी मात्र ती आयुष्यभर मानानं छापली. जनसंचाराची पदवी घेऊन मी घरच्या छापखान्यात आले आणि पुढे भोपाळच्या मराठी मंडळींच्या कामात पडले, तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच ओळ.

आजोबा नागपूरच्या सरकारी छापखान्यात खिळे जुळवायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरचं राजधानीपण संपून नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला हलला. फायलींबरोबर माणसंही हलली. नागपूरहून कारकून आणि टंकलेखक आले, मध्य भारतातून ग्वाल्हेर-इंदूरचे मराठी कर्मचारी आले, हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागला तसे तंत्रज्ञ आले. नबाबांच्या उर्दू बोलणाऱ्या शहराशेजारी सरकारी घरांची वस्ती वसली, तिला नाव मिळालं तात्या टोपे नगर. आज सगळे तिला टी. टी. नगर म्हणतात. आजोबांचं कुटुंब तिथल्या दोन खोल्यांत वाढलं. पुढे बाबांनी जहांगीराबादेत एक जुनं ट्रेडल मशीन घेतलं आणि धंदा सुरू केला. भोपाळात मिळणाऱ्या हिंदीच्या टायपात ‘ळ’ पुरेसे नसत. मराठी लग्नपत्रिकेचं काम आलं की ‘काळे’, ‘जवळेकर’ अशी आडनावं मोजून आजोबा खिळ्यांचा अंदाज घेत आणि कमी पडणारे ‘ळ’ नागपूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मागवून घेत. मराठी माणसाचं आडनाव चुकीचं छापून चालणार नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. आमचा व्यवसाय इतक्या बारीक काळजीवर उभा राहिला.

माझं शिक्षण मात्र मोठ्या गोष्टींचं. माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता विद्यापीठ १९९० मध्ये भोपाळात स्थापन झालं. मी शिकत होते तेव्हा ते महाराणा प्रताप नगरात होतं, प्रेस कॉम्प्लेक्सच्या अगदी जवळ. वर्गातून बाहेर पडलं की वर्तमानपत्रांच्या इमारती समोर. आमच्यातल्या बहुतेकांना तिथेच जायचं होतं आणि बरेचसे गेलेही. पहिल्या सत्रात लासवेलचं सूत्र शिकवलं गेलं, जगभरच्या संज्ञापन-वर्गांत शिकवतात तेच. कोण म्हणतं, काय म्हणतं, कोणत्या माध्यमातून, कुणाला, आणि परिणाम काय होतो? हॅरल्ड लासवेलनं हे पाच प्रश्न १९४८ मध्ये मांडले. वर्गात आम्ही ‘काय’वर आणि ‘परिणामा’वर तासन्‌तास बोलायचो. माध्यमांवर तर सगळा अभ्यासक्रमच होता. ‘कोण’ हा प्रश्न लवकर संपायचा. वक्ता, संपादक, संस्था, एवढं लिहिलं की झालं.

भाऊ पुण्याला स्थिरावला होता. ऑफसेट मशीनचे हप्ते चालू होते, आणि आमचे सगळ्यात जुने मशीनमन निवृत्त व्हायला आले होते. ‘तू ये’ असं बाबा मला कधीच म्हणाले नाहीत. मीच एका जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून काउंटरवर बसू लागले. बरोबर शिकलेल्यांना ते विचित्र वाटलं. टीव्हीवर दिसण्याचं वय बिलबुकं आणि पावतीपुस्तकं छापण्यात घालवायचं? मला ते तेव्हाही कमीपणाचं वाटलं नाही. छापखान्याच्या काउंटरवर शहराचं सगळं बोलणं येतं, आणि ते बोलणं छापण्यापूर्वी माणूस समोर उभा असतो. वर्तमानपत्रात हे सुख नाही.

शोकपत्रिकांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. घरात मृत्यू झालेला, आणि तेराव्याच्या आत कार्ड वाटायचं असतं. येणारा माणूस बहुधा धाकटा मुलगा किंवा जावई. त्याच्या हातात मजकुराचा एक कागद असतो आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावांची यादी. खरं दुखणं त्या यादीत असतं. बोलणं बंद असलेले दोन भाऊ एकाच ओळीत घ्यायचे की वरखाली? पहिली बायको वारलेली आणि दुसरी हयात, तर मुलांचा क्रम कसा लावायचा? अशा वेळी घाई करायची नाही, पाणी द्यायचं, आणि प्रूफ घरी नेऊन मोठ्या माणसाला दाखवून आणा म्हणायचं, हे मी बाबांना बघत शिकले. एक गोष्ट मात्र माझी मी सुरू केली. त्या याद्यांत मुलगे, नातू, पुतणे, कधी कधी तर फर्मचं नावसुद्धा असायचं. लग्न होऊन गेलेल्या मुली नसायच्या. ‘मुलींची नावं घालायची का?’ असं विचारलं की उत्तर ‘नको, रीत नाही’ असं येई. मग मी प्रश्न बदलला. ‘मुलींची नावं कुठे घालू, मुलांच्या शेजारी की खालच्या ओळीत?’ समोरचा माणूस थांबायचा. बरेच जण फोन काढून घरी विचारायचे. मराठी, सिंधी, जैन, कायस्थ, सगळ्या घरांतल्या मुली हळूहळू आमच्या कार्डांवर येऊ लागल्या. सगळ्या नाही आल्या. पण वडील गेल्यावर छापलेल्या कागदावर आपलं नाव असणं काय असतं, ते मला काउंटरवर येऊन सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. जनसंचारातलं माझं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

निवडणुकीचा हंगाम म्हणजे छापखान्याची दिवाळी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२७-क हे कलम आहे. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. प्रकाशकानं आपण कोण हे लेखी द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्षीच्या सह्या करायच्या, आणि मुद्रकानं छापलेल्या प्रतीसह ते अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हंगामात एखादा माणूस संध्याकाळी उशिरा येतो, मजकूर पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘दीदी, नीचे का नाम हटा दीजिए।’ तो मजकूर बहुधा कुणाच्या तरी जातीबद्दल, घरातल्या बाईबद्दल किंवा मोहल्ल्याबद्दल असतो. नोटा रोख असतात आणि भाव दुप्पट. बाबा कागद न वाचताच परत करायचे. ज्याला खाली नाव नको आहे, त्याच्या मजकुरात वाचण्यासारखं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वाचते, आणि मग परत करते. त्या हंगामात काही मोठी कामं आमच्या हातून जातात, आणि पाच-सहा घरं आमच्या पगारावर चालतात, म्हणून हा नकार सोपा नसतो. घरच्या धंद्यात तत्त्वाची किंमत मशीनवरची माणसंही भरतात. त्यांना विश्वासात घेऊन नकार द्यावा लागतो. आमच्या माणसांनी त्याबद्दल आजवर कुरकुर केलेली नाही, याचा मला मोठा आधार वाटतो.

या टप्प्यावर मी शंकरराव किर्लोस्करांबद्दल वाचायला लागले, आणि घरच्या धंद्यात संज्ञापन शिकलेल्या माणसाचं काम काय, याचं उत्तर मला तिथे मिळालं. काका लक्ष्मणराव यांत्रिकीतले. त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांना भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नांगर चांगला होता, तरी दोन वर्षं. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंकरराव या घरातले चित्रकलेकडे वळलेले, लिहिते-रेखाटते पुतणे. कारखान्यात चित्रकाराचं काय काम, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी कारखान्याची जाहिरात हाती घेतली आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. धंद्याची बातमी द्यायला निघालेलं ते पत्र वाचणाऱ्या घरांचंच झालं. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगर, पंप आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारातून विधवाविवाह, बुवाबाजी, बायकांचं शिक्षण यांवर लेख निघत होते, आणि त्या लेखांखाली कुटुंबाचं आणि गावाचं नाव होतं. गिऱ्हाईक रागावेल, नांगर परत येतील, ही भीती त्या घरात नसेल असं मला वाटत नाही. धंदा करणाऱ्या माणसाला ती असतेच. तरीही त्यांनी ते छापलं, आणि आडनाव झाकलं नाही. पुढे शंकररावांनी ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ हे पुस्तकही लिहिलं. यश आणि धंदा हे शब्द इतक्या सरळपणे शेजारी मांडणारा माणूस समाजसुधारणेबद्दलही तितकाच सरळ बोलत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

मराठी मंडळात मी गेले ती स्मरणिका छापून द्यायला. भोपाळच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू, नाटकाचा एखादा प्रयोग, वधू-वर सूची, अशी सगळीकडच्या मंडळांची कामं आमच्याकडेही असतात. परगावच्या मराठी माणसाला मंडळ म्हणजे काय असतं, हे मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना समजणं अवघड आहे. आमची मुलं शाळेत हिंदी शिकतात. लिपी एकच असल्यामुळे मराठी त्यांना वाचता येतं, पण आजीशी बोलताना ती अडखळतात. वर्षातून चार वेळा त्यांना मराठी कानावर पडावं म्हणून म्हातारी माणसं अयोध्यानगरहून दोन बस बदलून येतात. मला सचिव केलं तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा चांगल्या निमंत्रणपत्रिकांची होती.

मंडळातली भांडणं पैशांची नव्हती, मोठ्या वैराचीही नव्हती. ती निनावी बोलण्याची होती. ‘काही सभासदांचं मत आहे की’, ‘असं कानावर आलं’, ‘लोक म्हणतात’. सूचनाफलकावर ‘आदेशावरून’ म्हणून नोटीस लागायची, आणि आदेश कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसायचं. मी एकच नियम मांडला, छापखान्यातून आणलेला. मंडळाच्या प्रत्येक कागदाखाली एका माणसाचं नाव असेल. एका माणसाचं, समितीचं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं सही करायची, आणि ज्याला विरोध असेल त्याचा विरोधही नावासकट अहवालात छापायचा. हिशेब पावत्यांच्या तपशिलासह शेवटच्या पानांवर. एक ज्येष्ठ काका फार दुखावले. ‘आपल्यात हे सह्यांचं कशाला, ताई? आपण काय कोर्टात आहोत?’ त्यांचा राग मला कळत होता. चाळीस वर्षं विश्वासावर चाललेल्या घरात कुणी कागद मागावा, तसं त्यांना वाटलं होतं. मी त्यांच्याच हस्ताक्षरातली पहिली नोटीस त्यांच्या नावानं छापली. पुढच्या सभेत लोक त्या नोटिशीबद्दल थेट त्यांच्याशी बोलले, माझ्याशी नाही. काका तासभर उत्तरं देत उभे राहिले. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही. उलट दुसऱ्यांच्या नोटिशीखाली सही आहे की नाही हे तेच बघू लागले.

या शहरात तर हा आग्रह धरायलाच हवा, असं मला वाटतं. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायूनं एक कामगार दगावला. तो पत्रकार राजकुमार केसवानी यांच्या ओळखीचा होता. केसवानी तेव्हा ‘रपट’ नावाचं एक छोटं हिंदी साप्ताहिक स्वतः चालवत होते. त्यांनी कारखान्यातल्या धोक्यांची कागदपत्रं मिळवली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये शहराला वाचवा अशी उघड विनवणी छापली. ते पुन्हा लिहीत राहिले. साप्ताहिक चाललं नाही, तेव्हा जून १९८४ मध्ये त्यांनी ‘जनसत्ता’त लिहिलं. ऐकणारं कुणी नव्हतं. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री गॅस सुटला, तेव्हा वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून थांबवला गेला आणि बऱ्याच उशिरा पुन्हा वाजला. तोंडावर ओला फडका धरा, धावू नका, एवढी दोन वाक्यं कुणी आपल्या नावानं मोठ्यानं सांगितली असती, तर किती माणसं वाचली असती! लोक धावत सुटले, आणि धावताना त्यांनी ती हवा जास्त ओढली. ज्या एका माणसानं आधी बोलून ठेवलं होतं, त्याचं नाव आज शहराला माहीत आहे, कारण त्यानं ते खाली लिहिलं होतं. केसवानी २०२१ च्या मे महिन्यात करोनानंतरच्या आजारपणात गेले. त्यांना मी ऐकलं होतं, आणि त्या बातमीनं मी फार वेळ सुन्न होते.

तोच काळ दुसऱ्या लाटेचा. भदभदा स्मशानात चिता विझत नव्हत्या. मंडळाच्या गटावर मिनिटाला एक संदेश यायचा. अमुक ठिकाणी ऑक्सिजन आहे, तमुक नंबरवर इंजेक्शन मिळेल, हा काढा घ्या. बहुतेक सगळे पुढे ढकललेले. लोक त्या नंबरांवर तासन्‌तास फोन लावत आणि त्यात वेळ जाई. आम्ही सात-आठ जणांनी वाटून घेतलं. संदेश टाकायचा तर खाली तीनच गोष्टी: कुणी फोन करून खात्री केली, किती वाजता केली, आणि त्या माणसाचा स्वतःचा नंबर. नसेल तर संदेश काढून टाकायचा, मग तो कितीही उपयोगी वाटो. गटावरची गर्दी एकदम कमी झाली. उरले ते संदेश खरे होते. मंडळाबाहेरचे लोकही ते मागू लागले. कोलारच्या एका बंगाली कुटुंबाला, जहांगीराबादेतल्या आमच्या शेजाऱ्यांना, कागदवाल्या चाचांना त्यांचा उपयोग झाला. काही माणसं आम्हाला वाचवता आली नाहीत. त्यांच्या शोकपत्रिका मी नंतर छापल्या, आणि मुलींची नावं न विचारता मुलांच्या ओळीतच घातली.

भोपाळात १९८४ पासून माधवराव सप्रे यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय आहे. विजयदत्त श्रीधर यांनी ते उभं केलं. मराठी मुलांना मी तिथे नेते, कारण सप्रे त्यांच्यासारखेच होते, घरी मराठी आणि बाहेर हिंदी. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी त्यांचा जन्म झाला. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे यांच्याबरोबर. तीन मराठी माणसं हिंदी मासिक चालवत होती. १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’. दुसऱ्या वर्षी, टिळकांना शिक्षा झाली त्याच पावसाळ्यात, सप्र्यांना राजद्रोहाखाली पकडलं. कागदाच्या तळावरचं नाव सरकारला हवं होतं, ते सापडलं. मग थोरल्या भावाच्या आग्रहापुढे ते नमले आणि माफीनाम्यावर सही करून सुटले. ही सही त्यांना फार जड गेली. ते लोकांतून बाजूला झाले, रामदासी साधूच्या सहवासात राहिले, भिक्षेवर जगले. पुढे दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत आणलं, रायपुरात मुलींची शाळा काढली, आणि १९२० मध्ये माखनलाल चतुर्वेदींच्या ‘कर्मवीर’मागे उभे राहिले. माखनलालजींना सार्वजनिक कामात ओढणारे सप्रेच. मी ज्या विद्यापीठात शिकले त्याच्या नावामागे हा माणूस उभा आहे, हे मला पदवी घेताना ठाऊक नव्हतं. घर आणि समाज यांच्या ओढाताणीत एखादी सही आपल्या मनाविरुद्ध होते, आणि नंतर उरलेलं आयुष्य माणूस दुसऱ्या कामांखाली आपलं नाव लिहीत राहतो. घरचा धंदा करणाऱ्याला आणि समाजाचं काम करणाऱ्याला सप्रे फार जवळचे वाटावेत असे आहेत. मुलांना मी त्यांचा माफीनामाही सांगते, गाळत नाही.

१ मार्च २०२४ ला नवा कायदा लागू झाला आणि १८६७ चा जुना कायदा गेला. नव्या कायद्याला नियतकालिकांशी कर्तव्य आहे. पुस्तकं त्यातून वगळली आहेत. निवडणुकीचं कलम आहे तसंच आहे. पण लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळाचा अहवाल यांच्या तळाशी काय आहे हे आता सरकार विचारत नाही. मशीनवरच्या मुलानं एकदा विचारलं, ‘ताई, ही ओळ काढली तर जागा वाचेल, ठेवायची का?’ बाबा शेजारी प्रूफ तपासत बसले होते. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, ठेव, आणि टायपाचा आकार एका पॉइंटनं वाढव.

यंदाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका तरुण मंडळींना छापायचीच नाही. मोबाइलवर पाठवली की झालं, कागद कशाला, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि खर्चाचा विचार केला तर ते बरोबर आहे. मी होकार दिला. अट एवढीच घातली की पत्रिका कुणी केली त्याचं नाव आणि फोन नंबर शेवटी यायला हवा. करणारी मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिला नंबर द्यायला संकोच वाटतो. मुलीचा नंबर पाचशे घरांत जाणार, ही तिची काळजी खरी आहे. मंडळाचा एक वेगळा नंबर घ्यावा आणि नाव मात्र तिचंच असावं, असं मी सुचवलं आहे. तिची आई अजून तयार नाही. रविवारी त्या दोघी घरी येणार आहेत.